विद्यार्थ्यांची मोफत मनआरोग्य कार्यशाळा: वाचकांचे प्रश्न

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की मानसशास्त्र विभागातली मुलं-मुली वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये, बचत गटाच्या बैठकीत मोफत कार्यशाळा घेऊ लागतात. या महिन्यात त्याबद्दलच बरीच पत्रं आली. त्यांतली पाच निवडली आहेत.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात एम.ए. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी महिन्यातून एकदा मोफत कार्यशाळा घ्यायला तयार आहेत. कार्यकारिणीतले काही सभासद म्हणतात, शिकाऊ मुलींच्या हाती लोकांची मनं कशी सोपवायची? काय करावं?
*ग्रंथपाल, सांगली जिल्हा*

सभासदांची शंका रास्त आहे. फक्त ती नेमकी कशाबद्दल घ्यायची, ते आधी ठरवू. झोप कशी सुधारावी, ताण वाढला की शरीरात काय होतं, काळजीचं चक्र कसं थांबवावं हे शिकवणं वेगळं आणि एखाद्याच्या आजाराचं निदान करून उपचार करणं वेगळं. पहिलं काम एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी नीट तयारी केली तर उत्तम करू शकते. दुसऱ्याला तिने हातही लावू नये. औषधं देणारे मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीचे डॉक्टर असतात आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला वेगळं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यामुळे फलकावर ‘तज्ज्ञांचं मोफत समुपदेशन’ असं छापू नका. ‘मानसशास्त्राच्या विद्यार्थिनींची कार्यशाळा’ असंच छापा.

पदवीपेक्षाही जास्त महत्त्व पाठीशी कोण आहे याला आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना ६ ते ८ सत्रं दिली आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांमध्ये सुधारणा जास्त दिसली. पण त्या समुपदेशकांना आधी रीतसर प्रशिक्षण मिळालं होतं, सत्रं ध्वनिमुद्रित होत होती आणि ती ऐकून नियमित चर्चा होत होती. ही देखरेख काढून टाकली, तर त्या अभ्यासाचा दाखला देता येणार नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागा. विभागप्रमुखांचं पत्र. मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव आणि ते त्या वेळी हॉलमध्ये असतील याची हमी. पूर्ण सत्राचा मिनिटांसह आराखडा. आणि कुणाला पुढे मदत लागली तर कुठे पाठवायचं त्याची यादी, ज्यातला प्रत्येक फोन क्रमांक त्याच आठवड्यात लावून पाहिलेला असेल. बंद पडलेला क्रमांक हातात देणं यादी न देण्यापेक्षा वाईट, कारण धीर गोळा करून फोन लावणारा माणूस दुसऱ्यांदा सहसा लावत नाही. प्राध्यापक येणार नसतील तर कार्यक्रम पुढे ढकला.

मी एम.ए. भाग २ मध्ये आहे. आम्ही तिघींनी ‘ताण आणि झोप’ या विषयावर ९० मिनिटांची कार्यशाळा घेतली, ३० जण आले होते. ४० स्लाइड्स होत्या. अर्ध्या तासात लोक पेंगायला लागले, आणि श्वसनाच्या वेळी एका काकूंना चक्कर आली. कुठे चुकलं?
*विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर*

चक्करपासून सुरुवात करू. ‘खोल श्वास घ्या’ असं सांगितलं की लोक छाती भरभरून, भराभर श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होणं, बोटांना मुंग्या येणं, छाती आवळणं सुरू होतं. आधीच धास्तावलेल्या माणसाला नेमकी याच लक्षणांची भीती असते, म्हणजे शांत करायला गेलो आणि घाबरवून बसलो. ‘खोल’ हा शब्दच टाळा, ‘हळू आणि हलका’ म्हणा. नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, एक हात पोटावर. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. पहिल्यांदा तीनच मिनिटं पुरेत. श्वास रोखून धरायला लावू नका. दम्याचे, हृदयविकाराचे रुग्ण किंवा गरोदर बाई बसली आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊक नसतं. डोळे मिटायची सक्ती नको, समोरच्या एका ठिकाणी नजर ठेवली तरी चालतं; काही जणांना डोळे मिटल्यावर जास्त अस्वस्थ वाटतं. ‘आम्ही रोज प्राणायाम करतो’ म्हणणारे दोघे-तिघे हमखास निघतील. त्यांच्याशी वाद घालू नका, आज फक्त मोजून श्वास सोडण्याकडे लक्ष द्या म्हणावं.

आता आराखडा. ९० मिनिटांत दोनच कौशल्यं शिकवून होतात, तिसरं कोंबलंत की तिन्ही विसरली जातात. पहिली १० मिनिटं ओळख आणि नियम: इथलं इथेच राहील, बोलायची सक्ती नाही, मध्येच उठून बाहेर जायला परवानगी लागत नाही. पुढची १५ मिनिटं ताणाचं शरीर, तेही फळ्यावर, लोकांच्याच शब्दांत. ‘संज्ञानात्मक विपर्यास’ म्हणालात की खोली गप्प होते. ‘टेन्शन’, ‘छातीत धडधड’, ‘मन लागत नाही’, ‘चिडचिड’ हे शब्द लोकच देतात, तेच लिहा. मग २० मिनिटं श्वसन आणि त्यावर बोलणं. १० मिनिटं चहा. २५ मिनिटं झोपेवर. उरलेली १० मिनिटं चिठ्ठ्यांतल्या प्रश्नांना आणि मदतीच्या यादीला. स्लाइड्स सहापेक्षा जास्त नकोत, त्याही दिवे न घालवता दिसतील अशा.

झोपेच्या भागात सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण पुस्तकातला सल्ला मोठ्या घरांसाठी लिहिलेला असतो. ‘२० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा’ हे वन रूम किचनमध्ये पाच जण झोपतात तिथे कसं करणार? तिथे सांगा, अंथरूण अर्धं दुमडून भिंतीला टेकून बसा, मोबाइल हातात न घेता काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की पुन्हा आडवं व्हा. अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत बसलेली सांगड सुटावी एवढाच त्यामागचा हेतू आहे. उठायची वेळ रोज एकच ठेवा, झोपायची आपोआप जुळते. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो, म्हणून संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही जाणवतो. रात्रपाळी करणाऱ्यांना मात्र हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा डुलक्या येणाऱ्यांना डॉक्टरांकडेच पाठवा, तिथे श्वास अडकण्याचा आजार असू शकतो.

रात्री काळज्या भंडावतात त्यांच्यासाठी ‘काळजीची वेळ’ शिकवा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी १५ मिनिटं वही घेऊन बसायचं. तीन रकाने: काळजी, माझ्या हातात काय, उद्याचं एक पाऊल. रात्री तीच काळजी आली की ‘उद्या सहाला’ म्हणायचं. रात्रीच्या जेवणानंतर ही वेळ ठेवली तर उपयोग कमी होतो, झोपेच्या फार जवळ येते. कार्यशाळेतच एक काळजी प्रत्यक्ष लिहून घ्या. नुसतं ऐकून गेलेला माणूस घरी वही उघडत नाही.

तयारीत किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: ३० जणांसाठी ४० प्रती, अक्षर १६ पॉइंटचं, १५ पेनं. खुर्च्या दोन अर्धवर्तुळांत, दाराकडची वाट मोकळी. दोघींनी शिकवायचं आणि तिसरीने दाराजवळ बसून फक्त माणसांकडे पाहायचं. तिला दुसरं कोणतंही काम देऊ नका. जोड्यांमध्ये बोलायला लावायचं असेल तर प्रश्न साधा हवा: ‘काल झोपण्याआधीचा एक तास कसा गेला?’ ‘तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख सांगा’ असं भर सभेत विचारणं निष्काळजीपणाचं आहे. शेजारी बसलेली बाई तिच्याच गल्लीतली असते. स्कॉटलंडमध्ये जिम व्हाइट यांनी बेतलेला ताण-नियंत्रणाचा सहा सत्रांचा वर्ग मुद्दाम शाळेसारखा चालतो, तिथे वैयक्तिक अडचणी सांगायच्याच नसतात. लोक बिनधास्त येतात ते त्यामुळेच.

सत्र चालू असताना कुणी रडायला लागलं, किंवा ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर काय करायचं?
*मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, अमरावती*

नुसतं रडणं हे संकट नव्हे. दाराजवळच्या विद्यार्थिनीने शेजारी जाऊन बसावं, पाणी द्यावं, ‘बाहेर बसूया का?’ एवढं विचारावं. ‘रडू नका’, ‘सगळं ठीक होईल’ ही वाक्यं नकोत. शिकवणारीने सत्र चालू ठेवावं, नाहीतर तीस जोडी डोळे त्या बाईवर खिळतात.

जगण्याबद्दल बोलणं निघालं तर मार्गदर्शकांनी लगेच ताबा घ्यावा आणि स्पष्ट विचारावं: ‘मरून जावं, जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं. होकार आला तर पुढे विचारा: काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, याआधी प्रयत्न झाला होता का. बेत ठरलेला असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही कुणीतरी सोबत हवं. घरचं विश्वासाचं माणूस तिला विचारून बोलवा. धोका समोर दिसत असेल तर संमतीसाठी अडून बसू नका. शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात गेला पाहिजे. ती टोकाची घडी टळली की पुष्कळदा जीव वाचतो. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. तातडी असेल तर १०८ किंवा ११२, आणि जवळचं जिल्हा रुग्णालय.

‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन विद्यार्थ्यांनी कधीही देऊ नये. सुरुवातीच्या नियमांतच सांगावं की जिवाला धोका असेल तर आम्ही मदत बोलावू. १८ वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. आणि ‘प्रयत्न केल्याचं कळलं तर पोलीस केस होईल’ या भीतीने घरचे गप्प बसतात, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरलं आहे आणि तिला शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे.

दुसऱ्या दिवशीचा चौकशीचा फोन मार्गदर्शकांनी करावा. विद्यार्थ्याचा खासगी क्रमांक देऊ नये. रात्री दोनला आलेला फोन बावीस वर्षांच्या मुलीने एकटीने पेलायचा नसतो. संध्याकाळी तिन्ही मुलींसोबत अर्धा तास बसा. त्यांनाही ते जड गेलेलं असतं.

एका मोफत शिबिरात नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. माझे १४ गुण आले. ‘मध्यम डिप्रेशन’ म्हणून सांगितलं आणि पुढे काहीच नाही. फोटोही काढले. मी काय समजू?
*वाचक, नाशिक*

तुम्हाला असं मध्येच सोडायला नको होतं. ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करावी एवढाच त्याचा अर्थ. निदान तिने होत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, नुकतंच झालेलं दुःख, काही औषधं यांनीही गुण वाढतात. तो कागद घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा थेट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे तुम्ही शून्याऐवजी दुसरं काही लिहिलं असेल तर थांबू नका, आजच १४४१६ लावा.

आयोजकांना कळकळीने सांगतो: जिथे प्रत्येक कागद त्याच दिवशी तज्ज्ञाच्या नजरेखालून जाणार नाही, तिथे ही प्रश्नावली वाटू नका. फोटोंचंही तेच. महाविद्यालयाला नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालासाठी पुरावा लागतो हे खरं, पण तो फळा, रिकाम्या खुर्च्या, पाठमोरी माणसं यांतूनही मिळतो. हजेरीपटावर नावांऐवजी आकडा चालतो का, ते आधी विचारून घ्या.

आम्ही ‘नैराश्य जनजागृती कार्यशाळा’ ठेवली, चार जण आले. लोकांना गरज नाही का?
*गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, डोंबिवली*

गरज आहे, पण ते नाव डोक्यावर घेऊन शेजाऱ्यांसमोर हॉलमध्ये शिरायची तयारी नाही. दक्षिण लंडनमध्ये जून ब्राउन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यासाठीच्या दिवसभराच्या कार्यशाळा ‘आत्मविश्वास वाढवा’ या नावाने जाहीर केल्या. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. आलेल्यांत असे बरेच होते, ज्यांनी याआधी डॉक्टरांना काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही ‘शांत झोप कशी लागेल?’ किंवा ‘दहावीचं वर्ष आणि घरातला ताण’ असं नाव द्या. गृहिणींसाठी दुपारी ३ ते ४.३०, लोकलने उशिरा परतणाऱ्यांसाठी रविवारी सकाळी १०. फलकावर ‘बोलायची सक्ती नाही, नाव विचारणार नाही’ ही ओळ ठळक लिहा.

आणि एकच कार्यक्रम करून थांबू नका. एका बैठकीत माहिती मिळते, सवय लागायला आठवडे जातात. दर आठवड्याला एक अशी चार सत्रं ठेवा, प्रत्येकाची सुरुवात ‘गेल्या वेळचं किती दिवस जमलं?’ या प्रश्नाने करा. ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडे जास्त वेळ द्या. अडलं कुठे ते तेच सांगतात, आणि पुढच्या वेळचा कागद त्यांच्या उत्तरांवरून बदलायचा.