उशीवरचे केस

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीनंतर वेणी घालताना तिच्या कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली, आता तशा तीन झाल्यात. स्किनचे डॉक्टर म्हणाले अलोपेशिया अरिआटा, म्हणजे चाई. ती ब्रश करायला गेली की मी पटकन उशीवरचे केस उचलून टाकते, तिला दिसायला नकोत म्हणून. सासूबाईंनी तिचा कंगवा वेगळा केलाय आणि रोज कांद्याचा रस लावा म्हणतात, जाऊबाई म्हणतात एकदा टक्कल करा, दाट येतील. पोरगी शाळेत जायलाच नको म्हणते, त्यात फेब्रुवारीत घरात लग्न. काय करू? - एक आई, कराड

उत्तर: ताई, ते उशीवरच्या केसांचं वाचून पोटात कालवलं. माझ्या भाचीला चाई पडली तेव्हा माझी बहीणही हेच करायची, आणि पोरीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती मला म्हणाली होती, "मावशी, आई बोलताना माझ्याकडे बघतच नाही गं, भांगाकडे बघते." तुम्ही पत्रात सगळ्यांचं म्हणणं लिहिलंय, फक्त लेकीला काय वाटतं ते राहून गेलंय. तिथूनच सुरू करा.

आधी कंगवा परत जागेवर ठेवा, आजच. चाई लागट नाही. आपलीच प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते म्हणून केस गळतात, त्यात शाम्पूचा दोष नाही, मोबाईलचा नाही, तुमचा नाही आणि तिचा तर नाहीच, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. टक्कल केल्याने केस दाट होत नाहीत कारण केस उगवतो तो कातडीखालच्या मुळातून, वस्तरा तिथे पोचतच नाही. आणि कांद्याच्या रसाने कातडीची आग होऊ शकते, वर तो वास घेऊन ती वर्गात बसणार कशी?

मुळं जिवंत असतात त्यामुळे पुष्कळ जणांचे केस परत येतात, कधी आधी पांढरे मऊ येतात, पण परत गळूही शकतात, म्हणून "लग्नापर्यंत येतील बघ" असं वचन देऊ नका. मलम असतं, चकतीत द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं असतात. केस खूपच गेले तर त्यासाठी रिटलेसिटिनिब नावाची कॅप्सूल आहे, अमेरिकेत 2023 मध्ये 12 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी मंजूर झाली, पण तिचे धोकेही आहेत, ते डॉक्टरच ठरवतील. थायरॉइड तपासायची का तेही विचारा. तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी तिला स्वतःला बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा.

शाळेत बाईंना भेटायचं ते तिला विचारूनच. स्कार्फची परवानगी मागा, दोन वेण्यांची सक्ती असेल तर सूट मागा. मुलींनी विचारलं तर काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे, माझी भाची एवढंच म्हणायची, "चाई आहे, दुखत नाही, तुला होणार नाही," आणि हे तिने घरी आरशासमोर चार दिवस म्हणून बघितलं होतं तेव्हा कुठे जमलं. लग्नात ओढणी, विग की काहीच नको हेही तिनेच ठरवायचं. नातेवाईकांचं मात्र तुमच्याकडे. कुणी हळहळायला लागलं की "औषध चालू आहे, तुम्ही जेवलात का?" आणि विषय संपवायचा. तिच्यासमोर "केवढे सुंदर केस होते हो" हे वाक्य तर कुणालाच पुरं करू देऊ नका.

पण ती जेवेनाशी झाली, झोपेनाशी झाली, मैत्रिणींचे फोन घ्यायचे बंद केले, तर मात्र थांबू नका, समुपदेशकाकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

उद्या सकाळी उशीवरचे केस तसेच राहू द्या. वेणी घालायला बसली की विचारा, "चकती बघू का गं, की नको?" नको म्हणाली तर नुसती वेणी घाला.