करून दाखवू नकोस

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. शाळेत नाच-नाटकाच्या तासाला दुसरीच्या पोट्ट्यांना तू स्टेप दाखवतेस, सगळे करतात, पण चेहऱ्यावर काही नसतं. आणि एक जण बाकाखालून बाहेरच येत नाही. डिप्लोमा करू का, असंही विचारलंयस. कर, पण त्यानं हे सुटणार नाही. तू करून दाखवतेस, ते आधी बंद कर.

तुला ते जड जाणार, हे मला ठाऊक आहे. पूर्व विदर्भात, वडशाकडे झाडीपट्टीत रात्रभराची नाटकं ओढलेली पोरगी तू. तुझं अंग आपोआप पुढे होतं आणि मुलं तुझी नक्कल करतात. तू समोर उभी राहून उजवा हात उचललास की निम्मा वर्ग डावा उचलतो, कारण त्यांना तू आरशासारखी दिसतेस. मग ‘उजवा रे, उजवा!’ करण्यात तास जातो. त्या वयात अनेकांचं डावं-उजवं अजून पक्कं नसतं. त्यांना बोलून काय उपयोग?

कथकच्या क्लासात गुरूंनी करून दाखवायलाच हवं, त्यावर वाद नाही. तिथे एक परंपरा अंगात उतरवायची असते. पहिली-दुसरीत ते काम नाही. इथे विचारायचं आणि बाजूला व्हायचं.

काय विचारायचं? आपल्या नागपुरात असून हे विचारतेस! काळी आणि पिवळी मारबत, इडापिडा घेऊन जाणाऱ्या बायांचे ते मोठाले पुतळे, 1880 च्या दशकापासून निघतायत. तान्ह्या पोळ्याला ही मुलं बापाच्या खांद्यावर बसून ते बघतात. म्हण, ‘एवढी मोठी बाई, चालेल कशी? बना पाहू.’ एक हात पसरेल, दोघं पाय होतील, उरलेले ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत मागे निघतील. काय घेऊन जा, ते त्यांनाच ठरवू दे. माझ्या वर्गातून गृहपाठ गेला, मच्छर गेले, एकीनं दारू पिणाऱ्या काकाला धाडलं. अशा वेळी भाषण देऊ नकोस. डफलीवर थाप मार, सगळ्यांना पुतळा कर आणि पुढे जा. वर्गशिक्षिकेशी मात्र त्याच दिवशी बोल.

भुलाबाईची खिरापतही घे. झाकलेला डबा, आतलं नाव न घेता एकानं ते खायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. पेरू चावणारा जबडा आणि आंबट बोराला मिटणारे डोळे मुलांकडे आधीपासून असतात. तू खाऊन दाखवलंस की संपलं. पंचवीस पोट्टे तुझाच पेरू खातील.

बाकाखालच्याला ओढू नकोस. डफली त्याच्याकडे सरकव. थाप तो देईल, वर्ग थांबेल. बाहेर यायचं तेव्हा येईल.

जूनअखेरीला वर्ग तापलेले असतात, तेव्हा पळापळ नको. बसल्या जागी पाऊस पाडा: तळहातावर आधी एक बोट, मग दोन, मग चार, मग मांडीवर थापा. एवढी कृती तोंडी सांगता येते. म्हणून तोंडीच सांग!

आता गॅदरिंग. मुख्याध्यापिकांना सिनेमाचं गाणं हवंय आणि पुढच्या रांगेत चुणचुणीत मुलं. एका शाळेनं मला याच कारणावरून गॅदरिंगमधून काढलं होतं. माझा दुसरीचा वर्ग रांगेत नाचला नाही, पालकांचे व्हिडिओ बिघडले. मी वाकले नाही, हट्टी ठरले. त्या वर्गातलं कुणी पुढे नाटकात गेलं का? माझ्या माहितीत एकही नाही. त्यासाठी शिकवलंच नव्हतं मी. पण तीच मुलं तिसरीत गेल्यावर न घाबरता हात वर करून प्रश्न विचारायची. याचा व्हिडिओ निघत नाही, त्याला मी काय करू?

पालकांना एकदा तासाला बसव. मला ती परवानगी कधी मिळाली नाही, याची रुखरुख अजून आहे. मागच्या भिंतीला टेकून त्यांनी मारबत चालताना पाहिली की निम्मी भांडणं मिटतील. मुख्याध्यापिकांनाही तिथेच बसव आणि गॅदरिंगला हेच ठेवू या म्हण. नाहीच म्हणाल्या तर मला फोन कर, मी येऊन बोलते त्यांच्याशी. फक्त त्या गाण्याच्या स्टेप्स बसवून द्या म्हणून फोन करू नकोस.

तुझी,
मॅडम