गंजचाचणीचा नमुना: आकार कोणता, माप किती?

प्रश्न: आमच्या लहान कारखान्यात कूलिंग टॉवरच्या पाण्यात माइल्ड स्टील किती वेगाने गंजते, हे सात दिवसांच्या चाचणीने पाहायचे आहे. ३ मिमी जाडीच्या पत्र्याचे १० मिमी बाजूचे चौरस तुकडे शिअरिंग मशीनवर कापून ते २५० मिलिलिटरच्या बीकरमध्ये ठेवण्याचा विचार आहे. नमुने गोलच हवेत, असे एकाने सांगितले. योग्य काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: चौकोनी नमुना चालेल, १० मिमीचा मात्र घेऊ नये. गंजण्याचा वेग आपण वजनातील घटीवरून काढतो, त्यामुळे वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि त्या पृष्ठभागात कडांचा वाटा लहान, असा नमुना हवा. आपल्या तुकड्याचा एकूण पृष्ठभाग ३.२ चौ.सेंमी. भरतो आणि त्यातला ३७.५ टक्के भाग नुसत्या कडांचा असतो. त्याच पत्र्याची ५० × २५ मिमीची पट्टी घेतली, तर पृष्ठभाग २९.५ चौ.सेंमी. होतो आणि कडांचा वाटा सुमारे १५ टक्क्यांवर येतो. ३८ मिमी व्यासाच्या चकतीत हा वाटा सुमारे १४ टक्के असतो. एवढ्याशा फरकासाठी लेथवरचा खर्च करावा, असे मला वाटत नाही. सळईच्या चकत्या कापण्याचा सोपा मार्ग तर टाळावाच, कारण त्यांत सळईचा आडवा छेद उघडा पडतो आणि तो लाटलेल्या पत्र्याच्या पृष्ठभागासारखा वागेलच असे नाही.

कडांना इतके जपायचे, कारण शिअरिंग मशीनच्या पात्याखाली कडेचा धातू चेपला आणि ताणला जातो, आणि असा धातू सपाट भागापेक्षा लवकर झिजू शकतो. म्हणून पट्टी ५६ × ३१ मिमीची कापावी, चारही बाजूंनी पत्र्याच्या जाडीइतका, म्हणजे ३ मिमी, धातू मिलिंगने किंवा तापू न देता घासून काढावा आणि शेवटी सगळीकडून १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. टांगण्यासाठी भोक पाडल्यास क्षेत्रफळात त्याचा हिशेब धरावा, आणि क्रमांक ठोकायचा असेल तर तो भोकाजवळ ठोकावा.

मोठ्या नमुन्याचा खरा फायदा तराजूवर दिसतो. स्टील वर्षाला ०.१ मिमी या वेगाने गंजत आहे असे धरले, तर सात दिवसांत पट्टीचे वजन सुमारे ४४ मिलिग्रॅमने घटेल, आपल्या तुकड्याचे मात्र जेमतेम ५ मिलिग्रॅमने. गंज काढताना आम्लात चांगला धातूही थोडा विरघळतोच. तो १ मिलिग्रॅम धरला, तर पट्टीच्या उत्तरात सुमारे २ टक्क्यांची चूक होते आणि लहान तुकड्याच्या उत्तरात २० टक्क्यांची. ही घट अजमावण्यासाठी न वापरलेली एक पट्टी त्याच आम्लात, तितकाच वेळ बुडवून तिचे वजन अवश्य घ्यावे.

आता बीकरचा प्रश्न उरतो. दर चौ.सेंमी. पृष्ठभागामागे किमान २० मिलिलिटर पाणी हवे, ४० असल्यास उत्तम. पाणी याहून कमी पडले, तर गंजाने त्याचाच गुणधर्म पालटतो आणि टॉवरमधल्या पाण्याशी असलेले साम्य संपते. एका पट्टीला या हिशेबाने किमान ५९० मिलिलिटर पाणी लागेल, तेव्हा एक लिटरचे बीकर घ्यावे, एकात एकच पट्टी टांगावी आणि निदान तीन पट्ट्यांची चाचणी एकाच वेळी लावावी.