गाडी थेट वर जाते, तरी राजहंसगड चालत का चढायचा?

बेळगावजवळचा आवडता डोंगर कोणता, आणि गाडी वरपर्यंत जात असताना तो चालत चढण्यात काय मजा, असं तुम्ही विचारलंय. माझा राजहंसगड. आम्ही यळ्ळूरगडच म्हणतो. शहराच्या दक्षिणेला, 15 किलोमीटरच्या आसपास. खानापूर तालुक्यातला भीमगड याच्याहून कितीतरी रानदांडगा, पण तो अभयारण्यात. परवानगी काढून वर्षाकाठी जायचा. यळ्ळूरगडावर मनात आलं की निघता येतं.

गाडी यळ्ळुरातच लावा आणि पुढं पायी जा. कारण या डोंगराचं निम्मं सुख त्याच्या पायथ्याच्या शिवारात आहे, आणि काच वर केलेल्या गाडीतून ते कळत नाही. वडगाव, शहापूर, यळ्ळूरची ही काळी जमीन भाताची. बेळगावच्या बासमतीचं नाव या पट्ट्यानं राखलंय. पावसाळ्यात बांधापर्यंत पाणी, दिवाळीच्या आगेमागे सुगी, आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. भात पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात असताना पहाटेच्या वाऱ्याला जो वास येतो, त्यासाठी तरी एकदा पायी जाच.

माझे मामा यळ्ळूरचे शेतकरी. गुडघ्यांमुळं आता ते गड चढत नाहीत. मी उतरून घरी गेले की चहाच्या आधी विचारणार, "वरनं भात कसं दिसलं गं?" बळ्ळारी नाल्याला पूर आला की पाणी पिकात शिरतं आणि चार-चार दिवस हटत नाही. बांधावर उभं राहून आपल्यापुरतं दिसतं. बुरुजावरून मात्र कुठं हिरवं राहिलंय आणि कुठं नुसता गढूळ पट्टा झालाय, ते एका नजरेत येतं. मी तेच नीट बघून येते आणि त्यांना सांगते. माझं गडावर जाणं बरंचसं यासाठी असतं.

चढ सुरू झाला की पायाखालची माती बदलते. काळी संपते, तांबडी लागते आणि मग जांभा. या दगडाला अंगभर भोकं. श्रावणात एकेका भोकात पाणी साचलेलं, कडेनं शेवाळ, आणि बोटभर मातीत तेरडा उभा. खाली वाकून बघितल्याशिवाय हे दिसत नाही. उन्हाळ्यात हाच उतार रखरखीत असतो, पण तेव्हा करवंदं असतात. चीक बोटांना लागतो, लागू दे.

वर तटबंदी, बुरूज, विहीर, सिद्धेश्वराचं देऊळ आणि 2023 साली अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. तेव्हापासून रविवारी गर्दी वाढलीय. लोक आपला गड बघायला येतात याचा मला आनंदच आहे, फक्त पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं परत न्यावीत. शांतता हवी असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी, उजाडायच्या सुमाराला निघा. हवा स्वच्छ असली की एका बाजूला अख्खं बेळगाव, वायव्येला वैजनाथाचा डोंगर दिसतो. तो महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात. मधल्या शिवारात तसं काही जाणवत नाही. दोन्हीकडं भातच.

जुलैमध्ये धुकं असं उतरतं की तटावरून पायथाही दिसत नाही. ते आवडणारे खूप आहेत, मला मात्र पाऊस ओसरल्यावरचे दिवस पसंत. ओल्या जांभ्यावर गुळगुळीत चप्पल चालत नाही, धरणारे बूट घाला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. ढग भरून आले, गडगडू लागलं की बुरुजावर थांबायचं नाही, लगेच उतरायला लागायचं. यळ्ळूरपासून सावकाश चालत तास-दीड तास लागेल असं धरा. सोबत पाणी आणि चिरमुरे-शेंगदाणे एवढं पुरे.