स्वभाव सोड, वेळा मोज

प्रिय मुली,

तुझा मेसेज तीनदा वाचला. रात्री नऊला लग्नाच्या विषयावरून बाबांशी वाजलं, पहाटे पाचला त्यांच्या छातीत दुखलं. आता अँजिओप्लास्टी होऊन ते नाशिकरोडला घरी आलेत आणि तू त्यांच्यासमोर तोंड उघडत नाहीस. आत्या म्हणते, "दादाचा स्वभावच तापट, तू समजून घ्यायला हवं होतंस." आणि तू मला विचारतेस, स्वभाव बदलता येतो का? नसेल येत, तर लग्नाचा विषय सोडून द्यावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तोही हृदयाचाच, पण माझ्या खात्यातला नाही. आणि पहिला प्रश्नच चुकलाय.

आधी आत्याचा हिशोब मिटवू. संतापाच्या भडक्यानंतर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे खरं आहे. २०१४ साली नऊ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा, की भडक्यानंतरच्या दोन तासांत धोका साधारण पावणेपाच पट होतो. दोन तासांत. तुमच्या भांडणात आणि दुखण्यात आठ तास गेले. शिवाय पहाटेपासून सकाळपर्यंतचा काळ झटक्यांसाठी मुळातच वाईट असतो. जाग येताना कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं चढतात, रक्तदाब वाढतो, प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी चिकट होतात. ज्या चरबीच्या थरावर गुठळी धरली, तो थर एका रात्रीत साचत नाही, त्याला वर्षानुवर्षं लागतात. प्रेसमधल्या रात्रपाळ्या, खिशातली तंबाखूची पुडी, 'मला काही होत नाही' म्हणून अर्धवट सोडलेली दाबाची गोळी, हे सगळं तूच लिहिलंयस. ठिणगीवर खापर फोडायचं आणि दारूगोळ्याच्या कोठाराबद्दल बोलायचं नाही, ही नातेवाइकांची सोय आहे. त्या भांडणाचा वाटा शून्य, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तू स्वतःहून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहू नकोस.

आता त्याच अभ्यासातले पुढचे आकडे बघ, कारण मला जे सांगायचंय ते तिथे आहे. महिन्याला एकदा भडकणाऱ्या, एरवी धोका कमी असलेल्या दहा हजार माणसांत वर्षाला एक झटका जास्त. धोका जास्त असलेल्यांत चार. आणि दिवसाला पाच वेळा भडकणाऱ्यांत? कमी धोक्यातही १५८, जास्त धोक्यात ६५७. माणूस तापट की शांत हा प्रश्न इथे कुठेच नाही. किती वेळा, एवढाच आहे. 'स्वभावाला औषध नाही' म्हणतात ना? नसू दे. वेळा कमी करता येतात. स्वभाव सोड, वेळा मोज.

स्वभावाच्या मागे लागून आमच्या शास्त्रानेही बरीच वर्षं घालवली आहेत. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयतज्ज्ञ फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी 'टाइप ए' माणूस मांडला: सतत घाईत, चढाओढीत, चिडका. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजत, कारण रुग्ण टेकून बसतच नसत, असं सांगतात. ३,१५४ पुरुषांना साडेआठ वर्षं पाहिलं, टाइप ए मंडळींना हृदयविकार जवळपास दुप्पट निघाला. झालं, जगभर स्वभावाच्या पट्ट्या वाटल्या गेल्या. पुढच्या अभ्यासांत ते नातं टिकलं नाही. १९८८ मध्ये त्याच अभ्यासातल्या हृदयरोग्यांकडे पुन्हा पाहिलं, तर टाइप ए माणसं उलट कमी मेली होती. (या संशोधनात तंबाखू कंपन्यांचाही पैसा होता. दोष सिगारेटवरून स्वभावावर गेला तर कोणाला नको असतं?) गाळून उरला तो मुख्यतः एक भाग: लोकांबद्दलचा कायमचा संशय आणि आतली कडवट चरफड. घाई नव्हे, महत्त्वाकांक्षा नव्हे.

म्हणून वही कर. फोनमध्ये नको, कागदाची. बाबांनाच लिहू दे. प्रत्येक भडक्याची वेळ, कशावरून, आणि किती मिनिटं मनात घोळला. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. २०२४ मध्ये २८० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. संताप आणणारा प्रसंग फक्त आठ मिनिटं आठवायला लावला, तर रक्तवाहिन्यांचं सैल पडणं चाळीस मिनिटांपर्यंत मंदावलं. चिंता आणि दुःख आठवायला लावलं, तेव्हा तसा ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे भांडण दहा मिनिटांत संपलं, तरी रात्रभर उगाळत बसलेला माणूस शरीराच्या हिशोबाने पुन्हा पुन्हा भांडत असतो. भडका झाला की पाच मिनिटं श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. ती चाळीस मिनिटं स्कूटर घेऊन द्वारका सर्कलला तर मुळीच जायचं नाही.

आणि कृपा करून गप्प राहणं हा उपाय समजू नकोस. तू आता जे करतेयस, ताट वाढून खोलीत निघून जाणं, ते त्यांना समजतं. त्याने वेळा कमी होत नाहीत, नोंद तेवढी बंद होते. अवघड विषय काढायचा तर दुपारी चहाच्या वेळी काढ, बसून, वीस मिनिटं. आवाज चढला की 'उद्या बोलू' म्हण आणि उद्या खरंच बोल. तो 'उद्या' चुकवलास तर पुढच्या वेळी कोणी थांबणार नाही.

दाब मोजायची तुमच्या घरची पद्धत फोटोत पाहिली आणि माझाच दाब वाढला. शर्टाच्या बाहीवरून पट्टा, समोर टीव्हीवर चर्चा चाललेली, बाबा हातवारे करत अँकरला उत्तर देतायत. बोलत मोजलं तर वरचा आकडा दहा-एकने सहज चढतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको, उघडा दंड हृदयाच्या उंचीला टेबलावर. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं नुसतं बसणं, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढ. १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर डॉक्टरांना दाखव. बाबांसाठी ते याहून खालची रेघही आखतील.

माझी चूक सांगतो. तपासणीच्या खोलीत मी वर्षानुवर्षं साखर किती, दाब किती, विड्या किती एवढंच विचारत आलो. 'चहाला सोबत कोण असतं?' हे विचारायला फार उशिरा शिकलो. २०१६ मध्ये बरेच अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा एकाकी किंवा माणसं तुटलेल्यांत हृदयविकाराचा धोका २९ टक्के आणि पक्षाघाताचा ३२ टक्के जास्त दिसला. यावर लोक मला २००३ चा मोठा प्रयोग ऐकवतात. २,४८१ रुग्ण, झटक्यानंतर समुपदेशन, मन सुधारलं, एकटेपणही थोडं कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ठाऊक आहे. तरी मी हट्ट सोडणार नाही. उदास माणूस गोळी चुकवतो, आणि नवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसलेला असताना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांतली एक जरी चुकली तरी तिथेच गुठळी होऊ शकते. त्या गोळ्या बहुतेकांना वर्षभर असतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. ज्याच्याकडे रोज कोणी 'गोळी घेतली का रे?' विचारणारा येतो, त्याचा डबा बघ आणि एकट्याचा बघ. त्यासाठी मला प्रयोग लागत नाही.

तर इथेही वेळाच मोज. रिटायर झाल्यापासून बाबांना प्रेसमधलं कोण, आठवड्यातून किती वेळा भेटतं? तुझ्या मेसेजवरून तरी कोणीच नाही. 'बाबा मिसळत नाहीत, स्वभाव' असं पुन्हा लिहू नकोस. रात्रपाळीचे दोन जुने सोबती शोध, वार आणि वेळ ठरव. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली की दसक घाटापर्यंत त्यांच्यासोबत. थंडीत निफाडचा पारा पाच-सहावर जातो तेव्हा पहाटे नाही, ऊन पडल्यावर. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, दम लागून तुटलं तर वेग जास्त. सोबती असला की ही परीक्षा आपोआप होते.

बाबांना दोन प्रश्न तूच विचार. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस? उदास, हताश किती दिवस? एकदाही नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांग. झटक्यानंतर पाचातल्या एकाला नैराश्य येतं, आणि घरचे त्यालाही स्वभावच म्हणतात.

छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, दम लागणं, यातलं काही झालं तर 'टेन्शनने होतंय' किंवा 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणत कोणी बसायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८. मोटरसायकलवर मागे बसवून नेऊ नका. गाडी येईपर्यंत कोणती गोळी द्यायची, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे आणि फ्रिजवर चिकटव. हे आईलाही लागू. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा तळ फुग्यासारखा होऊन झटक्यासारखंच दुखणं येतं, १९९० मध्ये जपानमध्ये त्याला ऑक्टोपस धरायच्या मडक्यावरून नाव पडलं: ताकोत्सुबो. दहातल्या साधारण नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. बऱ्याचशा काही आठवड्यांत सावरतात, पण तो झटका की हा, हे दवाखान्यातच ठरतं, स्वयंपाकघरात नाही.

वहीचा फोटो रविवारी पाठव. डाव्या पानावर दाबाचे आकडे, उजव्या पानावर भडके. खाली एक ओळ, त्या दिवशी बाबांनी चहा कोणाबरोबर घेतला.

काका