बेचिराख म्हणजे जळालेलं गाव का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई इंग्लंडमधल्या व्हॉरम पर्सी नावाच्या छोट्या ओस गावावर मराठीत लिहितायत, त्यात "इ.स. १५०० च्या सुमारास गाव बेचिराख झालं" असं वाक्य आलं, आणि वाचणाऱ्या एकांनी हरकत घेतली की तिथे ना लढाई झाली ना आग लागली, मग राख कुठून आली? शब्द बदलू का?

ताई, शब्दात राख नाहीच आहे हो. फोड 'बेचि-राख' अशी नाही, 'बे-चिराख' अशी आहे. फारसीतला 'बे' म्हणजे शिवाय (बेशिस्त, बेवारस मधला) आणि चिराख म्हणजे चिराग, दिवा. चिराग मधला शेवटचा तो घशातून येणारा ग आपल्याकडे ख झाला, जुन्या वाड्यांच्या वर्णनात 'चिराखदान' येतं ना, तेच हे. तर बेचिराख गाव म्हणजे जिथे संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरलेला नाही असं गाव. महसुली कागदात हा शब्द याच अर्थाने येतो, गावाचं नाव आहे, शिवार आहे, पण वस्ती शून्य. विदर्भात अशा गावाला रीठ म्हणतात. पुढे 'राख' कानाला इतकी स्पष्ट ऐकू यायला लागली की पेपरवाल्यांनी बॉम्ब पडलेली शहरं बेचिराख करायला सुरुवात केली आणि आता तोच अर्थ डोक्यात पक्का बसलाय. तोही आता चूक म्हणता येणार नाही, रुळलाय, पण मूळ अर्थ बाद झालाय असंही नाही.

आणि मूळ अर्थाने बघाल तर व्हॉरम पर्सीइतकं बेचिराख गाव शोधून सापडणार नाही. यॉर्कशायरमध्ये मॉल्टन गावापासून साधारण दहा किलोमीटरवर, वोल्ड्स म्हणतात त्या खडूच्या टेकड्यांच्या पश्चिम कडेला हे आहे (वोल्ड शब्दाचा जुना अर्थ जंगल, आता सगळा उघडा माळ आणि गवत, शब्दांचं असंच असतं). खडूचा दगड म्हणजे चाळण, पाणी वर थांबतच नाही, पण खडूखाली जिथे चिकणमातीचा थर लागतो तिथे दरीच्या उतारावर झरे फुटतात, म्हणून गाव इथे. वर पठारावर घरांच्या रांगा, मधे मोकळं गायरान, प्रत्येक घरामागे लांबट परडं, आणि खाली दरीत सेंट मार्टिनचं चर्च आणि बंधारा घालून केलेलं तळं. आपल्या भाषेत सांगायचं तर गावठाण वर आणि देऊळ-पाणवठा खाली.

वस्ती जुनी आहे, रोमन काळाच्याही आधीपासून शेती करणारे लोक इथे होते, पण ही आखीव रांगांची मांडणी त्यामानाने बरीच उशिराची. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमिनींची मोजदाद) गाव आहे. नावातलं पर्सी हे नॉर्मन, म्हणजे फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्यांपैकी, एका सरदार घराण्याचं, ते नंतर चिकटलं, कारण शेजारी अजून एक व्हॉरम आहे, व्हॉरम-ले-स्ट्रीट, त्यातला स्ट्रीट म्हणजे जुना रोमन रस्ता. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द लावून जे काम होतं ते तिकडे मालकाचं नाव नि रस्ता लावून केलं.

आता गाव गेलं कसं? सगळ्यांना वाटतं प्लेगने, १३४८-४९ ची ती मोठी साथ. माणसं मेली असतीलच, पण त्यानंतरही १३६८ मध्ये तीसेक घरं नांदती होती. खरं कारण मेंढरं. लोकरीला भाव आला, शेतीला माणसं लागतात आणि मेंढरांना एखादा धनगर पुरतो, जमीनमालकाला हिशोब कळला. १४०३ मध्ये पर्सींकडून गाव हिल्टन घराण्याकडे गेलं, घरं कमी कमी होत गेली आणि १५०० च्या आसपास शेवटची चार कुटुंबं बाहेर काढून घरं पाडली, झालं कुरण. इंग्लंडमध्ये अशी तीन हजाराहून जास्त मध्ययुगीन गावं गेलीत, त्यात हे सगळ्यात नीट अभ्यासलेलं, कारण इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट या दोघांनी १९५० च्या सुरुवातीपासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात इथे खोदकाम चालवलं. चाळीस वर्षं एकाच गावाच्या मागे लागणं म्हणजे चिकाटी बघा!

म्हणून माझं मत असं की हरकत घेणाऱ्यांचा मुद्दा चुकीच्या कारणासाठी का होईना, पण थोडा बरोबर आहे. बेचिराख ही अवस्था आहे, घटना नाही. १५०० च्या घटनेला 'गाव उठवलं' म्हणा, धरणात गावं उठवली म्हणतो तसं, त्यात कोणीतरी उठवलं हे येतं. नुसतं 'ओस पडलं' लिहिलंत तर मालक सुटला. आणि आज तिथे गेल्यावर गवताखाली जे घरांच्या पायांचे उंचवटे दिसतात ते वर्णन करताना बेचिराख गाव खुशाल लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'दिवा न उरलेलं' असं जोडा म्हणजे भांडण मिटलं. जागेसाठी आपला 'पांढरी' (गावठाणाची जमीन) शब्दही छान बसेल, फक्त तिथली जमीन खडूमुळे खरंच पांढरी असल्याने वाचणारा घोटाळ्यात पडेल, तेव्हा नकोच.

एक गंमत मात्र आहे, कोणी खुसपट काढायच्या आधीच सांगतो. गाव गेलं तरी चर्च चालूच राहिलं, आसपासच्या वस्त्यांचे लोक तिथे येत, थिक्सनडेल गावाने तर १८७० मध्ये स्वतःचं चर्च बांधेपर्यंत इथेच हजेरी लावली, आणि शेवटची प्रार्थना झाली १९४९ मध्ये. दहा वर्षांनी मनोऱ्याचा काही भाग कोसळला. म्हणजे गाव बेचिराख होऊन साडेचारशे वर्षं झाली तरी तिथे मेणबत्ती लागत होती म्हणायची! पण ओस गावातल्या मारुतीला शेजारच्या गावचा माणूस येऊन दिवा लावून गेला म्हणून आपण त्या गावाला नांदतं म्हणत नाही, तेच इथे.