मुलीचा लॅपटॉप: किंमत पाहावी की ऑपरेटिंग सिस्टिम?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात आहे, सोबत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास करते आणि तिच्या लॅपटॉपसाठी तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत: २०,००० रुपयांचे क्रोमबुक, २२,००० चा विंडोज १० असलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) लॅपटॉप आणि २४ महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर ७२,००० चा मॅकबुक. घरात महिन्याला ३८,००० रुपये येतात, बचत खात्यात ६०,००० आहेत आणि दरमहा २,००० ची आवर्ती ठेव जूनमध्ये पूर्ण होऊन सुमारे २५,००० हाती येतील, असेही तुम्ही कळवले आहे. माझे मत असे की यांपैकी एकही पर्याय घेऊ नये.

या बाजारात किंमत आणि ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखी यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, यांचा एकत्रच विचार करावा लागतो. २००७ मध्ये असूसने ईईई पीसी हा छोटा, स्वस्त लॅपटॉप लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर आणला आणि तो गाजला. पण गिऱ्हाइकाला आपले ओळखीचे प्रोग्राम हवे होते, आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा कमी किमतीच्या यंत्रांसाठी विंडोज एक्सपी होम या जुन्या आवृत्तीच्या विक्रीची मुदत वाढवल्यावर थोड्याच काळात या वर्गातली बहुतांश विक्री विंडोजकडे वळली.

क्रोमबुकच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न आहे. त्याचे बहुतेक काम ब्राउझरमध्ये चालत असल्याने हलका प्रोसेसर आणि थोडे स्टोरेज पुरते, उत्पादकाला विंडोजचे परवानाशुल्कही भरावे लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडते. शाळकरी मुलासाठी मी ते आनंदाने सुचवले असते. टॅलीप्राइम (टॅलीची सध्याची आवृत्ती) मात्र विंडोजसाठी बनवलेले आहे, आणि जिला रोज व्हाउचरच्या नोंदी करून हात बसवायचा आहे तिला ते स्वतःच्या यंत्रावर थेट चालवता आले नाही, तर वाचलेले पैसे सायबर कॅफेत जातील.

रिफर्बिश्ड लॅपटॉपविषयी मला अधिक काळजी वाटते. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनवर इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर लिहिलेला आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, तर विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीच्या सुरक्षा-अपडेटवर तीन वर्षांचा अभ्यासक्रम निभावणार नाही, आणि याच यंत्रावरून उद्या बँकेचे व्यवहार होणार आहेत. आतील ऑपरेटिंग सिस्टिमचे आयुष्य संपत आले की असे लॅपटॉप स्वस्तात बाजारात येतात. दुकानदार ते सांगेलच असे नाही.

मॅकबुक टिकाऊ आहे आणि जुना विकतानाही त्याला बरी किंमत येते, हे मी नाकारत नाही. पण त्यावर विंडोज नसल्याने टॅलीची अडचण तिथेही सुटत नाही. शिवाय 'नो कॉस्ट'मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून वजा करतो इतकेच. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. व्याज १०,००० धरले तर कर १,८०० झाला, प्रक्रिया शुल्क वेगळे. याहून मोठी बाब म्हणजे ३,००० चा हप्ता तुमची आवर्ती ठेव पूर्ण गिळून वर आणखी १,००० मागेल, आणि तोही दोन वर्षे.

म्हणून जूनपर्यंत थांबा आणि ४२,००० च्या आतबाहेरचा, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला, विंडोज ११ चा नवा लॅपटॉप घ्या. पाच वर्षे वापरला तर वर्षाला ८,४०० रुपये पडतात. ठेवीचे २५,००० आणि बचत खात्यातले १७,००० मिळून रक्कम रोख भरता येईल. खात्यात ४३,००० उरतील. ही रक्कम जेमतेम महिनाभराच्या खर्चाची आहे, त्यामुळे २,००० ची ठेव लगेच पुन्हा सुरू करून नऊ महिन्यांत ही तूट भरून काढा आणि तोवर कोणताही नवा हप्ता मागे लावून घेऊ नका. लॅपटॉप येईपर्यंत मुलीला सराव करता यावा म्हणून कॉलेजची किंवा क्लासची संगणक प्रयोगशाळा तासिकांनंतर वापरायला मिळते का, हे विचारून घ्या.